रंगांच्या ट्यूबा लावायच्या कशा? उष्ण-शीत आणि व्हॅल्यूचा घोळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरीच्या घरात कपाटाचे दोन खण रंगांना मिळालेत. साठ-सत्तर ट्यूबा आहेत, बहुतेक जलरंग, थोडे अ‍ॅक्रिलिक. आधी एका खणात उष्ण आणि दुसऱ्यात शीत अशी वाटणी केलीत, तर अल्ट्रामरीन निळा, जांभळा आणि व्हिरिडियन हिरवा कुठे घालायचे यावर गाडी अडली. मग सगळं मोडून उजळ ते गडद अशी रांग लावलीत. त्यात निळे, जांभळे, क्रिमसन, गर्द हिरवे सगळेच काळ्याशेजारी गोळा झाले आणि ऐन कामात हवी ती ट्यूब सापडेना. आता दोन्ही निकष एकत्र कसे बसवायचे, असं विचारताय.

माझं म्हणणं असं की ट्यूबांवर दोन्ही बसवायला जाऊच नका. ट्यूबेला खणात एकच जागा मिळते, रंगाला मात्र एकाहून जास्त स्वभाव असतात. ट्यूबा रंगाच्या कुळाप्रमाणे ठेवा आणि कुळाच्या आत त्यांच्या झुकावाप्रमाणे, म्हणजे रंग शेजारच्या कुठल्या रंगाकडे कलतो त्याप्रमाणे. उष्ण-शीतपणाचं जेवढं काम खणात व्हायला हवं तेवढं तिथे आपोआप होतं. व्हॅल्यू, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, ही कार्डांवर आणि पॅलेटवर सांभाळायची गोष्ट आहे. कारण तोच अल्ट्रामरीन ट्यूबमधून काढला की जवळजवळ काळा दिसतो आणि भरपूर पाण्यात सोडला की सकाळच्या आभाळाइतका फिका होतो. त्याची ट्यूब ‘गडद’ रांगेत ठेवून नेमकं काय साधलं?

आधी झुकावाबद्दल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळी आपण रंगचक्र मधोमध कापतो: पिवळा-नारिंगी-लाल उष्ण, हिरवा-निळा-जांभळा शीत. परीक्षेच्या कागदाला ते पुरतं. पण रंग मिसळायला बसलं की प्रत्येक निळा वेगळा वागतो. अल्ट्रामरीन उष्ण की शीत यावर चित्रकारांची दोन तोंडं असतात. एक म्हणतो, तो लालाकडे कलतो म्हणून उष्ण. दुसरा म्हणतो, नारिंगीपासून तो सगळ्यात लांब म्हणून शीत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांच्याही उत्तराने तुमची ट्यूब खणात जात नाही. म्हणून उष्ण-शीत सोडा आणि विचारा, हा रंग शेजारच्या कुठल्या रंगाकडे कलतोय? अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, थॅलो ब्ल्यू (ग्रीन शेड) हिरव्याकडे. यावर वाद होत नाही.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते पाच मिनिटांत करून बघा. लेमन यलोत थॅलो ब्ल्यूचा अगदी टिपका मिसळा. केळीच्या नव्या पानासारखा लखलखीत हिरवा येईल. आता कॅडमियम यलो डीपमध्ये अल्ट्रामरीन मिसळा. हिरवाच येईल, पण शेवाळी, मातकट. कारण सरळ आहे. लेमन आणि थॅलो दोघेही हिरव्याकडेच कललेले, त्यात लाल कुठेच नाही. कॅडमियम डीप नारिंगीकडे कलतो आणि अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, म्हणजे दोघांच्याही पोटात थोडा लाल आहे. लाल हा हिरव्याचा विरोधी, तो हिरव्याचं तेज मारतो. जांभळ्याचंही तसंच: अल्ट्रामरीन आणि क्रिमसनचा स्वच्छ जांभळा होतो, व्हर्मिलियन आणि थॅलोचा मात्र गढूळ, काळपट चिखल होतो. तो चिखल वाईट असतो असं नाही. जुन्या चाळीच्या जिन्यातला अंधार रंगवायला मी तोच करतो. पण आपण तो जाणून करतोय की नकळत होतोय, एवढं आपल्याला कळलं पाहिजे.

आता खणाची रांग. पिवळ्यांपासून सुरुवात करा: सगळ्यात हिरवट लेमन, मग मधला, मग गँबोज आणि कॅडमियम डीप. त्यापुढे नारिंगी. मग लाल: व्हर्मिलियन, स्कार्लेट, कॅडमियम रेड आणि शेवटी क्रिमसन, रोझ. मग जांभळे. मग निळे: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, प्रशियन, थॅलो, सेरुलियन, टर्क्वाइज. मग हिरवे: व्हिरिडियन आणि थॅलो ग्रीन आधी, कारण ते निळसर असतात, नंतर सॅप ग्रीन आणि ऑलिव्ह. शेवटचा पिवळट हिरवा पुन्हा लेमनला जाऊन भिडतो. अशी रांग लागली की प्रत्येक कुळाचं शेवटचं टोक पुढच्या कुळाच्या पहिल्या टोकाला चिकटतं. जांभळा उष्ण की शीत हा प्रश्नच उरत नाही. तो क्रिमसन आणि अल्ट्रामरीनच्या मध्ये बसतो, बस.

मातीचे रंग या रांगेत घुसवू नका, त्यांना वेगळा कप्पा द्या. यलो ऑकर, रॉ सिएना, लाइट रेड, इंडियन रेड, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, रॉ अंबर. हे मुळातच मवाळ असतात आणि भडक रंगांच्या शेजारी ठेवले की हाताला लवकर लागत नाहीत. यांच्यातही झुकाव असतो. लाइट रेड नारिंगीकडे जातो, तर इंडियन रेड जांभळटपणाकडे. बर्न्ट अंबर ऊबदार तपकिरी, रॉ अंबर त्याच्या तुलनेत हिरवट आणि थंड. आणखी एक छोटा कप्पा पांढरे, काळे आणि तयार करड्यांचा.

खण लावायच्या आधी एक काम करा, निम्मा पसारा तिथेच कमी होईल. ट्यूबवर रंगाच्या नावाखाली बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, कोड असतो. आर्टिस्ट ग्रेडवर बहुधा असतोच. स्टुडंट ग्रेडवर नसेल तर कंपनीच्या रंगतक्त्यात पाहा. नावावर जाऊ नका, कोड वाचा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो ब्ल्यू, पीबी २७ प्रशियन, पीबी २८ खरा कोबाल्ट. व्हिरिडियनचा कोड पीजी १८, पण ‘व्हिरिडियन ह्यू’ लिहिलेल्या ट्यूबवर बऱ्याचदा पीजी ७ असतो, म्हणजे तो थॅलो ग्रीन. तसंच ‘सेरुलियन ह्यू’ उघडून बघावा तर आत पांढरा घातलेला थॅलो ब्ल्यू. सॅप ग्रीन बहुतेक कंपन्यांचा मिश्रणच असतो, एका कंपनीचा दुसरीशी जुळेल याची खात्री नाही. साठ-सत्तर ट्यूबांमध्ये एकाच पिगमेंटच्या तीन-तीन ट्यूबा वेगवेगळ्या नावांनी निघाल्या तर नवल वाटून घेऊ नका. एकाच कोडच्या ट्यूबांना रबरबँड लावून एकत्र ठेवा. आणि कोड वाचताना पीआर ८३ दिसला, म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमसन, तर त्यावर खूण करा. तो उजेडात विटतो. सरावाला चालेल, विकायच्या किंवा भिंतीवर लावायच्या चित्रात पीव्ही १९ कुळातला क्विनॅक्रिडोन वापरा.

(कॅम्लिन मुंबईतच १९३१ साली दांडेकरांनी सुरू केली. आपल्यातल्या बहुतेकांच्या हाताला पहिला रंग कॅमलचाच लागलेला असतो, त्यामुळे क्रिमसन लेक, गँबोज ही नावं डोक्यात पक्की बसलेली असतात. परदेशी ट्यूबा आल्या की नावांची टक्कर होते. त्यावरही कोड हाच उपाय.)

आता व्हॅल्यू. इथे जरा जास्त वेळ घालवा, कारण मी पाहिलेल्या चित्रांपैकी जी फसतात ती बहुतेक इथेच फसतात, रंगात नाही.

प्रत्येक ट्यूबेचं एक कार्ड करा. ज्या कागदावर काम करता त्याच कागदाचे पत्त्याएवढे तुकडे कापा. त्यावर वॉटरप्रूफ काळ्या पेनने एक आडवी रेघ मारा. रेघेवरून तीन ठिगळं लावा: ट्यूबमधून काढलेला दाट, मध्यम, आणि पातळ वॉश. अ‍ॅक्रिलिकमध्ये पाण्याऐवजी पांढरा मिसळून तीन पायऱ्या करा. दाट ठिगळाखालची रेघ दिसत असेल तर रंग पारदर्शक, झाकली गेली तर अपारदर्शक. मागे नाव, कोड, कंपनी आणि झुकाव लिहा. ‘निळा, जांभळ्याकडे’ एवढं पुरे.

कार्ड पूर्ण वाळल्याशिवाय त्याची व्हॅल्यू ठरवू नका. जलरंग वाळल्यावर फिका पडतो. अ‍ॅक्रिलिक उलट गडद होतो, कारण ओलं असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं चिकट द्रव्य, दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. गुवाशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, तर स्वभावच तिरका: फिके रंग वाळून गडद होतात आणि गडद रंग फिके.

मग एक करडी पट्टी बनवा. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेलने १९०५ साली मांडलेल्या रंग मोजण्याच्या पद्धतीत ० म्हणजे काळा आणि १० म्हणजे पांढरा. अकरा पायऱ्या हाताने नेमक्या पाडणं कठीण जातं, पाच पाडल्या तरी काम होतं. कार्डावरचं दाट ठिगळ पट्टीला लावून बघा आणि आकडा मागे लिहा. साधारण असं दिसेल: लेमन यलो ८-९ च्या आसपास, यलो ऑकर ६ च्या जवळ, कॅडमियम रेड ४ ला, बर्न्ट सिएना ३ ला, आणि अल्ट्रामरीन, थॅलो, प्रशियन, क्रिमसन सगळे २ च्या खाली. तुमच्या रांगेत हे सगळे काळ्याशेजारी का गेले, ते इथे उघड होतं. दाटपणात त्यांच्यात फरकच नाही. फरक पातळ ठिगळात आहे, आणि तो व्हॅल्यूचा नसून झुकावाचा आहे. पिवळ्याची गोष्ट वेगळी. तो जिथे सगळ्यात तेजस्वी असतो तिथे तो उजळच असतो. गडद आणि तरीही लखलखीत पिवळा अशी चीज नाही.

पट्टीला लावून बघताना डोळे किलकिले करा. दोन ठिगळं एकमेकांना चिकटून धरा आणि पापण्या इतक्या मिटा की तपशील पुसट होईल. दोन्हींची व्हॅल्यू एकच असेल तर त्यांच्यामधली कड विरघळून जाते. लाल आणि हिरव्यासारखे भांडखोर रंगसुद्धा असे एकमेकांत मिसळलेले दिसतात. कड उरली तर एक दुसऱ्यापेक्षा गडद आहे. दोन-चार दिवस सराव केला की हे जमतं.

मोबाईलवर फोटो काढून रंग उडवणं हा आजचा सगळ्यांचा शॉर्टकट. वापरा, पण आधी अ‍ॅपची परीक्षा घ्या. काही अ‍ॅप रंग उडवताना लाल, हिरवा, निळा या स्क्रीनवरच्या तीन घटकांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढतात. अशा अ‍ॅपमध्ये स्क्रीनवरचा शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही तंतोतंत एकाच करड्याचे होतात, जे डोळ्याला धादांत खोटं दिसतं. डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ आणि निळा सगळ्यात काळोखा भासतो, आणि चांगलं सॉफ्टवेअर तसंच वजन लावतं. म्हणून लेमन आणि अल्ट्रामरीनच्या कार्डांचा एकत्र फोटो काढून बघा. करड्यात दोघांत मोठं अंतर दिसलं तरच त्या अ‍ॅपवर विश्वास ठेवा.

उजेडाकडेही लक्ष द्या. आपल्या घरांतल्या एलईडी ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्विनच्या असतात, पांढऱ्या-निळसर. बेडरूममधला पिवळा दिवा २७०० किंवा ३००० केल्विनचा. पहिल्याखाली बर्न्ट सिएना मरगळलेला दिसतो, दुसऱ्याखाली सेरुलियन. वर मुंबईत समोरच्या इमारतीच्या भिंतीचा रंग खिडकीतून आत येतो तो वेगळाच. समोर गुलाबी रंगाची सोसायटी असेल तर सगळी कार्डं ऊबदार वाटतील. कार्डं दिवसा, थेट ऊन येत नाही अशा खिडकीशी तपासा आणि दरवेळी त्याच जागी.

कार्डांची खरी मजा यानंतर सुरू होते. पत्त्यांसारखी पिसता येतात. आज व्हॅल्यूप्रमाणे लावा, उद्या झुकावाप्रमाणे, परवा फक्त पारदर्शक रंग वेगळे काढा. खणातल्या ट्यूबा जागच्या हलत नाहीत. चित्र सुरू करण्याआधी सहा-सात कार्डं काढून टेबलावर मांडायची आणि मग तेवढ्याच ट्यूबा बाहेर काढायच्या.

हे दोन निकष चित्रात एकमेकांना कसे धरतात ते गेटवेवर जाऊन बघण्यासारखं आहे. १९२४ साली पूर्ण झालेली ही कमान पिवळट बसाल्टची आहे. दुपारनंतर शहराच्या बाजूने उभे राहाल तर समोरचा भाग उन्हात आणि कमानीच्या आतली बाजू सावलीत. दगड तोच, पण उन्हातला रॉ सिएनाकडे जाणारा उजळ, सावलीतला गडद आणि निळसर. इथे व्हॅल्यू आणि तापमान दोन्ही बदलतात, आणि त्यातली व्हॅल्यू बरोबर आली तर रंग थोडा चुकला तरी दगड दगडच दिसतो. उलट कधी होत नाही.

आता जुलै महिन्यात मरीन ड्राइव्हला उभे राहा. ढग गच्च, समुद्र, आकाश, ओला रस्ता, सगळं मन्सेलच्या ५ ते ७ च्या दरम्यान दबलेलं. इथे व्हॅल्यूच्या रांगेचा फारसा उपयोग नाही. आकाश आणि पाणी वेगळं दाखवायचं तर तापमानानेच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घ्या, जवळजवळ सारखे, पाणी भरपूर: ना उष्ण ना शीत असा करडा मिळेल. सिएना किंचित वाढवला की ऊबदार ढग. अल्ट्रामरीन वाढवला की थंड, दूरचा मलबार हिलचा काठ. त्यात व्हिरिडियनचा स्पर्श दिला की पावसाळी समुद्र. तिन्ही करडे एकाच व्हॅल्यूचे ठेवा, डोळे किलकिले केल्यावर कडा विरघळल्या पाहिजेत. आणि डोळे उघडल्यावर तीन वेगळ्या वस्तू दिसल्या पाहिजेत. हा सराव शंभर रंगचक्रांच्या तोडीचा आहे. पेन्स ग्रे या तयार करड्याच्या ट्यूबवर माझा राग आहे तो यासाठी: तो कायम निळसर थंडच असतो, आणि तो हाताशी असला की माणूस करडा बनवायला शिकत नाही.

जलरंगात तापमान आणि व्हॅल्यू एकत्र कशी बांधतात याचा धडा घ्यायचा तर सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंग चित्र बघा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड इतका पेटलेला वाटतो, कारण भोवतालचं बाकी सगळं गडद धरलंय. तो तांबूस तुकडा एकटा कापून पांढऱ्या कागदावर ठेवलात तर तो इतका उजळ वाटणार नाही.

पॅलेटवर मात्र रंग व्हॅल्यूप्रमाणेच लावा. उजळ एका टोकाला, गडद दुसऱ्याला, आणि शक्य असेल तर उष्णाकडे कललेले एका काठाला, थंड समोरच्या काठाला. न्यूयॉर्कला शिकवणारे फ्रँक रायली तैलरंगात तर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्यांच्या पायऱ्या आधीच मिसळून ठेवत आणि रंग त्या पायऱ्यांशी जुळवून घेत. जलरंगात एवढा थाट लागत नाही, पण पोर्ट्रेट करणाऱ्यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदा करून बघावं. एक मात्र लक्षात असू द्या: व्हॅल्यू बदलायला पांढरा-काळा घातला की तापमानही हलतं. लालात टायटॅनियम व्हाइट घातला की तो गुलाबी होऊन थंड पडतो. पिवळ्यात काळा घातला की शेवाळी हिरवा होतो. लाल उजळ हवा पण थंड नको असेल तर पांढऱ्यासोबत थोडा पिवळा घाला. पिवळा गडद हवा तर काळ्याऐवजी रॉ सिएना किंवा बर्न्ट अंबर.

राहिला मुंबईचा पावसाळा. कागदी लेबलं सुटतात, म्हणून झाकणावर त्याच रंगाचा ठिपका लावा आणि ट्यूबच्या शेपटीवर मार्करने कोड लिहा. कार्डांना बुरशी लागते. ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पॅनचा, म्हणजे रंगवड्यांचा, डबा ओला असताना कधीच मिटू नका, आठवड्यात पांढरी लव येते. झाकण अडकलं तर पकडीने पिळू नका, नळी फाटते. गरम पाण्यात झाकण मिनिटभर बुडवलं की सुटतं. जागा कमी असेल तर अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा शेपटीला बाइंडर क्लिप लावून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांवर तोंड खाली करून टांगा. खणात तेवढे जलरंग उरतील आणि कुळांची रांग लांबवायला जागा होईल.

बाहेर, लोकलमध्ये पिशवी सांभाळत न्यायचं असेल तेव्हा लेमन आणि गँबोज, व्हर्मिलियन आणि रोझ, अल्ट्रामरीन आणि थॅलो, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाचे दोन झुकाव, शिवाय यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि व्हिरिडियन, एवढंच न्या. तुमच्याकडे या नऊतलं नसेल तेवढंच विकत घ्या. बाकीच्या ट्यूबा संपेपर्यंत नवीन सॅप ग्रीन आणू नका, लेमन-थॅलोत चिमूटभर बर्न्ट सिएना घातला की होतो.